बरोबरीनंतरचा खेळ

आपल्या जिल्ह्यातील एखाद्या शाळेच्या मैदानावर चुरशीचा खो-खो सामना ज्यांनी शेवटपर्यंत पाहिला आहे, त्यांना ‘लघुत्तम आक्रमण’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. दोन्ही संघांचे गुण सारखे झाले, जादा डाव खेळूनही फरक पडला नाही, की पंच हे अखेरचे साधन हाती घेतात. एक संघ पाठलाग करतो. पहिला गडी बाद होताच डाव थांबतो आणि तोवर किती वेळ गेला त्याची नोंद होते. मग दुसऱ्या संघाची पाळी. ज्या संघाने पहिला गडी कमी वेळात टिपला तो विजयी. कबड्डीतही अशीच सोय आहे. दोन्ही संघांना आळीपाळीने पाच-पाच चढाया देतात आणि एवढ्यानेही निर्णय लागला नाही तर एकच ‘सुवर्ण चढाई’ होते.

सामना बरोबरीत संपला तर पुढे काय करावयाचे, हा प्रश्न नियमपुस्तकाच्या शेवटच्या पानावरचा, किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात तो फार जुना आणि अवघड आहे. दोघे सारखे ठरले, पण मुकुट एकच आहे. अशा वेळी खेळ पुढे चालू ठेवावा, पुन्हा पहिल्यापासून खेळावे, दोघांनाही विजयी म्हणावे की दैवावर सोपवावे? वाचकांना प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा पहिला अध्याय आठवत असेल. यहूदाची जागा भरण्यासाठी योसेफ बर्सब्बा आणि मत्थिया असे दोन पात्र पुरुष समोर आले, तेव्हा प्रेषितांनी प्रार्थना करून चिठ्ठ्या टाकल्या आणि चिठ्ठी मत्थियाच्या नावे निघाली. तेथे प्रार्थना होती, म्हणून चिठ्ठीला अर्थ होता. १९६८ साली युरोपीय फुटबॉल स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात इटली आणि सोव्हिएत संघ जादा वेळेनंतरही गोलशून्य बरोबरीत राहिले, तेव्हा मात्र कोणतीही प्रार्थना न करता नाणे उडवण्यात आले आणि इटली अंतिम सामन्यात गेली. सोव्हिएत खेळाडूंना त्या दिवशी काय वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

पूर्वीच्या लोकांचा कल खेळ चालू ठेवण्याकडे होता. आपल्याकडे याचे उत्तम उदाहरण क्रिकेटचे आहे. १९४८-४९च्या हंगामात रणजी करंडकाचा मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यातील उपांत्य सामना पुण्यात झाला. निकाल लागेपर्यंत खेळावयाचे असा रिवाज असल्याने तो सात दिवस चालला. मुंबईने ६५१ आणि ८ बाद ७१४ धावा केल्या, महाराष्ट्राने ४०७ आणि ६०४. चार डावांत मिळून २३७६ धावा आणि नऊ शतके. मुंबई ३५४ धावांनी जिंकली. आजच्या घाईच्या युगात हे वाचताना हसू येते, परंतु त्या सामन्याचा निकाल कोणी नाण्याला विचारला नाही, हेही लक्षात घ्यावे.

तथापि अमर्याद खेळालाही कोठेतरी मर्यादा पडतेच आणि बहुधा ती मैदानाबाहेरून येते. मार्च १९३९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे इंग्लंड आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात एक कसोटी सामना ‘कितीही दिवस लागले तरी निकाल लागेपर्यंत’ या अटीवर सुरू झाला. दहा दिवस झाले. इंग्लंडला विजयासाठी ६९६ धावा हव्या होत्या आणि ५ बाद ६५४ झाल्या होत्या. केवळ ४२ धावा राहिल्या असताना पाऊस आला. इंग्लंडच्या संघाला केपटाउनहून मायदेशी जाणारे जहाज गाठावयाचे होते आणि त्यासाठी डर्बनहून आगगाडी पकडणे भाग होते. सामना अनिर्णित म्हणून सोडून देण्यात आला. ज्या सामन्याला काळाचे बंधन नव्हते, त्याचा शेवट आगगाडीच्या वेळापत्रकाने केला.

आगगाडीचा हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे, कारण बरोबरीच्या प्रश्नाशी सर्वांत दीर्घ झुंज दिलेल्या खेळाच्या इतिहासातही एक आगगाडी आहे. तो खेळ म्हणजे कॅनडा आणि अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकी. विदर्भाच्या उन्हात बर्फावरच्या खेळाची गोष्ट सांगणे विचित्र वाटेल. आपल्या देशात तो खेळ लडाखच्या गोठलेल्या तळ्यांवर खेळला जातो. आपल्यापैकी बहुतेकांनी तो फार तर दूरदर्शन संचावर पाहिला असेल. तरीही बरोबरी म्हणजे काय आणि विजेता म्हणजे कोण, याविषयी त्या खेळाने जेवढे सोसले आहे तेवढे क्वचितच दुसऱ्या कोणी सोसले असेल.

थोडी ओळख करून देतो. पायात पाते बसवलेले बूट, हातात काठी आणि चेंडूऐवजी टणक रबराची काळी चकती. गोलरक्षकासह सहा खेळाडू. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. खेळ इतका वेगवान की खेळाडू मिनिटभरातच दमतात आणि खेळ न थांबवता त्यांची सतत अदलाबदल होते. १८९२ साली कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांनी या खेळासाठी एक चांदीचे पात्र भेट दिले. १८९३ मध्ये ते प्रथम मॉन्ट्रियलच्या संघाला मिळाले. तोच आजचा स्टॅन्ली चषक. नॅशनल हॉकी लीग ही व्यावसायिक संस्था १९१७ साली स्थापन झाली आणि पुढे हा चषक तिच्याच विजेत्याला मिळू लागला. तेथे साखळी सामने संपले की वरचे संघ बाद फेरीत येतात. ही बाद फेरी एका सामन्याची नसते. त्याच दोन संघांत लागोपाठ अनेक सामने होतात आणि आजच्या रीतीप्रमाणे ज्याचे आधी चार विजय होतील तो पुढे जातो.

या चषकाच्या इतिहासातील १९१९ हे वर्ष मला सर्वांत विचार करावयास लावणारे वाटते. अंतिम मालिका पश्चिम किनाऱ्यावरील सिअ‍ॅटल येथे सिअ‍ॅटल मेट्रोपॉलिटन्स आणि मॉन्ट्रियल कॅनेडियन्स यांच्यात होती. चौथा सामना जादा वेळ खेळूनही ०–० राहिला. पाचवा मॉन्ट्रियलने जादा वेळेत ४–३ असा जिंकला. दोन विजय याचे, दोन विजय त्याचे, एक सामना बरोबरीत. निर्णायक सामना १ एप्रिलला व्हावयाचा होता. परंतु ते साल इन्फ्लुएन्झाच्या महासाथीचे होते, ज्या साथीने आपल्या देशातही गावेच्या गावे ओस पाडली. मॉन्ट्रियलचे अनेक खेळाडू आणि त्यांचे व्यवस्थापक जॉर्ज केनेडी तापाने अंथरुणाला खिळले. खेळण्यास पुरेसे खेळाडूच उरले नाहीत. केनेडी यांनी चषक सिअ‍ॅटलला देऊन टाकण्याची तयारी दाखवली. नियमाने सिअ‍ॅटलचा हक्कही होता. पण सिअ‍ॅटलचे प्रमुख पीट मल्डून यांनी तो घेण्यास नकार दिला. प्रतिस्पर्धी आजारी आहेत म्हणून मिळणारा विजय त्यांना नको होता. सामना रद्द झाला. ५ एप्रिलला मॉन्ट्रियलचे खेळाडू जो हॉल यांचे सिअ‍ॅटलमध्येच निधन झाले. त्या तापाने पोखरलेले केनेडीही दोन वर्षांनी, १९२१ साली, वारले.

चषकावर विजेत्यांची नावे कोरण्याची प्रथा आहे. पुढे चषकाची नवी बांधणी झाली तेव्हा १९१९ या वर्षासमोर दोन्ही संघांची नावे कोरून त्याखाली मालिका पूर्ण झाली नाही, एवढेच नमूद करण्यात आले.

येथे संयुक्त विजेतेपदाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण आपल्या देशात तो मार्ग पुष्कळदा पत्करला गेला. फुटबॉलच्या जुन्या स्पर्धांच्या याद्या पाहाव्यात. १९७८च्या पहिल्यावहिल्या दशकातल्या फेडरेशन चषकाच्या स्पर्धेत आणि १९८२च्या ड्युरँड स्पर्धेत मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांना संयुक्त विजेते घोषित केले गेले. आपल्या वाचकांना अधिक जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. १९८२-८३च्या संतोष करंडकाच्या अंतिम फेरीत बंगालविरुद्ध निकाल लागला नाही आणि गोवा व बंगाल संयुक्त विजेते ठरले. गोव्याच्या नावावर लागलेले हे पहिले संतोष विजेतेपद. पुढच्याच हंगामात गोव्याने तो करंडक एकट्याने जिंकला. अर्धा करंडक आधी हाती आला नसता तर पुढचा आत्मविश्वास आला असता का, हे सांगणे कठीण. परंतु बंगालसारख्या बलाढ्य संघासमोर बरोबरीत उभे राहणे म्हणजे त्या लहान प्रदेशाला विजयच होता. आजची मुले संयुक्त विजेतेपदाला हसतात. त्यांना ते अपुरे, मिळमिळीत वाटते. माझे मत तसे नाही. दोन संघ खरोखरच सारखे ठरले असतील तर तसे म्हणण्यास प्रामाणिकपणा लागतो. मात्र दोन्ही संघांनी थकून, वेळ काढून, बरोबरी ओढून आणली असेल तर त्या करंडकाचे दोन तुकडे करणे हा प्रेक्षकांचा अपमान होय, हेही तितकेच खरे.

आइस हॉकीने हा अर्धवट मार्ग निदान चषकाच्या सामन्यांसाठी पूर्णपणे नाकारला. बाद फेरीत बरोबरी झाली की पुन्हा वीस मिनिटे. त्यात पहिला गोल झाला की सामना तेथेच संपला. गोल झाला नाही तर आणखी वीस मिनिटे, आणि असे कितीही वेळा. २४ मार्च १९३६ रोजी रात्री मॉन्ट्रियल येथे डेट्रॉइट रेड विंग्ज आणि मॉन्ट्रियल मरून्स यांचा सामना सुरू झाला. साठ मिनिटांत गोल नाही. पहिला जादा भाग, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. दोन्ही गोलरक्षक भिंतीसारखे उभे. अखेर सहाव्या जादा भागात, साडेसोळा मिनिटे झाली असताना, डेट्रॉइटच्या मड ब्रुनेटो नावाच्या नवख्या खेळाडूने चकती जाळ्यात घातली. तोवर मध्यरात्र उलटून पहाटेचे सव्वादोन वाजून गेले होते. एकूण खेळ १७६ मिनिटे ३० सेकंद, म्हणजे जवळजवळ तीन सामने एकाच सामन्यात. त्या लीगच्या इतिहासातील हा आजही सर्वांत दीर्घ सामना आहे. डेट्रॉइटचे गोलरक्षक नॉर्मी स्मिथ यांनी या साऱ्या वेळात एकही गोल होऊ दिला नाही. थकलेल्या, नावाजलेल्या खेळाडूंच्या गर्दीत गोल एका नवख्याने केला, यात मला नवल वाटत नाही. त्या घटकेला ज्याच्या पायात बळ उरले असेल तोच मोठा.

(त्याच १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या निमित्ताने आपल्या शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने हुतुतूचे प्रात्यक्षिक परदेशी प्रेक्षकांना दाखवले होते. आपल्या मातीतल्या खेळांना लिखित नियमांची शिस्त लागण्याचाही तोच काळ.)

आता ती आगगाडी. साखळी सामन्यांत बरोबरी झाल्यास तेव्हा दहा मिनिटे जादा खेळवीत असत. दुसरे महायुद्ध पेटले. संघ एका शहरातून दुसऱ्या शहरात रात्रीच्या गाड्यांनी जात. युद्धकाळात गाड्यांवर सैन्याचा आणि मालाचा भार पडला, वेळापत्रके कडक झाली आणि सामना लांबला म्हणून गाडी थांबेना. नोव्हेंबर १९४२ मध्ये साखळी सामन्यांतील जादा वेळ बंद करण्यात आला. मलकापूर, नांदुरा किंवा शेगावच्या फलाटावर ज्याने शेवटच्या गाडीसाठी धाव घेतली आहे त्याला या निर्णयाचे स्पष्टीकरण नको. आणि आमच्या बुलढाणा गावाला तर रेल्वेच नाही, त्यामुळे गाडी चुकणे म्हणजे काय हे आम्हांला दुप्पट कळते. युद्ध १९४५ साली संपले, गाड्या पूर्ववत झाल्या, पुढे संघ विमानाने फिरू लागले, तरी बंद केलेला जादा वेळ काही परतला नाही. एकेचाळीस वर्षांनी, १९८३ साली, पाच मिनिटांच्या रूपाने तो पुन्हा आला. अडचणीपोटी केलेली सोय अडचण सरल्यावरही कशी ठाण मांडून बसते, याचा अनुभव वाचकांना आपापल्या संस्थांत आला असेलच.

त्यानंतरची कथा घाईची आहे. जादा वेळेत लवकर गोल व्हावा म्हणून १९९९ पासून मैदानावर गोलरक्षकाखेरीज चार-चारच खेळाडू ठेवू लागले. २००५ साली बरोबरी हा निकालच साखळीतून काढून टाकण्यात आला. पाच मिनिटांत गोल न झाल्यास एकेक खेळाडू एकट्या गोलरक्षकासमोर जाऊ लागला. २०१५ पासून चाराचे तीन झाले. बाद फेरीला मात्र कोणी हात लावलेला नाही. तेथे अजूनही पूर्ण संघ, पूर्ण वीस मिनिटे आणि पहिला गोल. दूरदर्शनच्या कार्यक्रमांचे वेळापत्रक कोलमडले तरी चालेल, पण चषकाचा निर्णय सर्वांनी मिळून खेळलेल्या खेळानेच व्हावा, असा हा हट्ट आहे. मला हा हट्ट आवडतो.

आपल्या हिरवळीवरच्या हॉकीने मात्र उलट वाट धरली. एके काळी जादा वेळेने आपल्याला पुष्कळ दिले होते. १९६६च्या बँकॉक आशियाई क्रीडास्पर्धेत गोलरक्षक शंकर लक्ष्मण यांच्या नेतृत्वाखाली भारताने पाकिस्तानला जादा वेळेत १–० असे हरवून सुवर्णपदक मिळवले. पुढचे आशियाई सुवर्ण येण्यास बत्तीस वर्षे लागली. १९९८ साली पुन्हा बँकॉकच, आणि पुन्हा निर्धारित वेळेत निकाल नाही. कर्णधार होते पुण्याजवळच्या खडकीत वाढलेले धनराज पिल्ले. दक्षिण कोरियाशी १–१ बरोबरी झाली आणि पेनल्टी स्ट्रोकवर भारत ४–२ असा जिंकला. गोलरक्षक आशिष बल्लाळ त्या दिवसाचे नायक ठरले. विजयानंतर अल्पावधीतच धनराज, बल्लाळ आणि आणखी काही जणांना संघातून वगळण्यात आले. ती गोष्ट या लेखाच्या विषयाबाहेरची असली तरी ती न सांगता पुढे जावेसे वाटत नाही.

हळूहळू हॉकीतील जादा वेळ आटत गेला. पूर्वी साडेसात-साडेसात मिनिटांचे दोन भाग खेळत आणि पहिल्या गोलावर सामना संपे. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकपर्यंत हा जादा खेळ नियमांतूनच गेला होता. आता साठ मिनिटे संपली की थेट ‘शूटआउट’. खेळाडू तेवीस मीटरच्या रेषेवरून चेंडू घेऊन निघतो, समोर फक्त गोलरक्षक, आणि हातात आठ सेकंद. जुन्या पेनल्टी स्ट्रोकपेक्षा यात कौशल्य अधिक आहे हे मान्य केले पाहिजे. परंतु घड्याळ हेच आता तिसरे पंच झाले आहे. बर्मिंगहॅम येथील २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या मुलींचा ऑस्ट्रेलियाशी उपांत्य सामना १–१ राहिला. शूटआउटमधील ऑस्ट्रेलियाचा पहिलाच प्रयत्न आपली गोलरक्षक सविता हिने परतवला. तेवढ्यात पंचांनी सांगितले की आठ सेकंदांचे घड्याळ सुरूच झाले नव्हते, प्रयत्न पुन्हा घ्यावा. दुसऱ्या खेपेला गोल झाला आणि आपण हरलो. आंतरराष्ट्रीय संघटनेने नंतर दिलगिरी व्यक्त केली. त्या मुलींनी न्यूझीलंडला शूटआउटवरच हरवून कांस्यपदक घेतले, हे विशेष. दोन वर्षांनी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या संघाने ब्रिटनविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्यात चाळीसहून अधिक मिनिटे दहाच खेळाडूंनिशी किल्ला लढवला. अमित रोहिदास याला तांबडे कार्ड मिळाले होते. १–१ बरोबरीनंतर श्रीजेशच्या बळावर शूटआउट ४–२ असे जिंकले. बरोबरीपर्यंतची ती चाळीस मिनिटे अकरांतल्या दहांची होती; पुढची काही मिनिटे बव्हंशी एकाची.

माझा आक्षेप नेमका येथे आहे. जादा वेळेत संघ हरतो. स्ट्रोकमध्ये किंवा शूटआउटमध्ये एक माणूस हरतो आणि त्याचे नाव लोकांच्या तोंडी राहते. आमच्या भागात गावोगावच्या स्पर्धांना जाण्याचा योग येतो तेव्हा पाहतो, अशा प्रसंगी हुकलेला मुलगा सोबत्यांच्या मागे, मान खाली घालून चालत असतो. या एकट्या माणसाच्या ओझ्याचे जे उदाहरण भारतीय हॉकीला सर्वाधिक लागले आहे, ते शेवटी सांगण्यासाठी राखून ठेवले होते.

सप्टेंबर १९७३. हॉलंडमधील अ‍ॅम्स्टलवीन येथे दुसऱ्या विश्वचषकाचा अंतिम सामना, भारत विरुद्ध यजमान हॉलंड. कर्णधार एम. पी. गणेश. सुरुवातीच्या काही मिनिटांतच सुरजित सिंग यांनी पेनल्टी कॉर्नरवर दोन गोल केले आणि चषक हाती आल्यासारखा वाटला. हॉलंडने दोन्ही गोल फेडले. २–२. जादा वेळ सुरू झाला. आता पहिला गोल करील तो जगज्जेता, अशी अवस्था. अशा घटकेला भारताला पेनल्टी स्ट्रोक मिळाला. समोर फक्त गोलरक्षक आणि सहा-सात पावलांवर विश्वचषक. तो मारण्याची जबाबदारी बी. पी. गोविंदा यांच्यावर आली. कूर्गचा हा चपळ आघाडीवीर त्या काळातील उत्तम खेळाडूंपैकी एक. गोल झाला नाही. सामना पुढे पेनल्टी स्ट्रोकवर गेला आणि हॉलंडने तो ४–२ असा जिंकला.

ज्या संघाने दोन गोलांची आघाडी गमावली, त्या संघाच्या पराभवाचे कारण एकच स्ट्रोक कसे असू शकेल? पण पन्नास वर्षे झाली तरी त्या सामन्याची आठवण निघाली की लोक दोन गोल फिटल्याचे सांगत नाहीत, हुकलेला स्ट्रोक सांगतात.

पुढचा विश्वचषक मार्च १९७५ मध्ये मलेशियात, क्वालालंपूर येथे झाला. उपांत्य सामना यजमान मलेशियाशी. सत्तर मिनिटांचा खेळ संपण्यास थोडाच अवधी उरला असताना भारत १–२ असा मागे होता. प्रेक्षागार भरलेले, सारे मलेशियाच्या बाजूचे. भारताला पेनल्टी कॉर्नर मिळाला. त्या वेळी बचावफळीतील मायकेल किंडो यांना बाहेर बोलावून अस्लम शेर खान यांना आत पाठवले गेले. किंडो हे छोटा नागपूरच्या सिमडेगा भागातील ख्रिस्ती आदिवासी समाजातून आलेले, संघाचा भरवशाचा आधारस्तंभ. ऐन कसोटीच्या क्षणी जागा सोडून बाहेर येणे सोपे नसते. अस्लम यांनी गळ्यातल्या ताइताला ओठ लावले आणि पहिल्याच फटक्यात गोल केला. २–२. सामना जादा वेळेत गेला आणि हरचरण सिंग यांच्या गोलाने भारताने तो ३–२ असा जिंकला. अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध पिछाडीवरून सुरजित सिंग यांनी बरोबरी साधली आणि ध्यानचंद यांचे पुत्र अशोककुमार यांनी विजयी गोल केला. माझी पिढी त्या वेळी पाळण्यातून नुकतीच बाहेर पडलेली. पण जसदेव सिंग यांचे आकाशवाणीवरील समालोचन ऐकलेली वडीलधारी मंडळी अजून भेटतात आणि त्या सायंकाळचे वर्णन करताना त्यांचा आवाज बदलतो. पुरुष हॉकीचा विश्वचषक त्यानंतर भारताला आजवर मिळालेला नाही.

अजितपाल सिंग यांच्या नेतृत्वाखालील त्या विजयी संघात पवार हे आपल्या ओळखीचे आडनाव लावणारे शिवाजी पवार होते, गोलरक्षक लेस्ली फर्नांडिस होते, किंडो आणि अस्लम हे दोघेही होते. आणि निवड समितीने दोन वर्षांपूर्वीचा तो स्ट्रोक बाजूला ठेवून ज्यांना पुन्हा संघात घेतले होते, ते बी. पी. गोविंदाही होते.